कारखान्याचा चाप: ठेवावा की बदलावा

पिस्तुलाचा चाप एकच काम करतो. तो एका छोट्या पोलादी अडसराला बाजूला सारतो. या अडसराला बंदूक कारागीर सिअर म्हणतात. ताणलेल्या स्प्रिंगच्या जोराने पुढे येऊ पाहणारा घोडा सिअरने अडवून धरलेला असतो. चाप मागे आला की सिअर सरकतो, घोडा सुटतो आणि काडतुसाच्या टोपीवर आघात होतो. एअर पिस्तुलात हाच घोडा दाबलेल्या हवेची झडप उघडतो. गोळी कोठे जाणार हे नळीची दिशा ठरवते, चाप नव्हे. तरीही नवशिक्या नेमबाजांच्या चुकलेल्या गोळ्यांचा मोठा वाटा चापाशी जोडलेला असतो, कारण चाप ओढताना हात हलतो आणि नळीची दिशा त्याच क्षणी बिघडते.

किती बिघडते, याचा हिशेब साधा आहे. स्पर्धेच्या एअर पिस्तुलात मागची खाच आणि पुढची माशी यांत साधारण 32 सेंटिमीटरचे अंतर असते आणि लक्ष्य 10 मीटरवर. म्हणजे माशी खाचेत 1 मिलिमीटरने सरकली, तर छर्रा लक्ष्यावर सुमारे 31 मिलिमीटर दूर लागतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 11.5 मिलिमीटर आणि पुढची वर्तुळे 8 मिलिमीटरच्या अंतराने आखलेली. त्यामुळे एका मिलिमीटरच्या चुकीने दहाचा शॉट सातावर येतो. चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागाची असेल तर मात्र दहा गुण शाबूत राहतात. चाप सुटताना हाताला बसणारा हिसका या दोन मर्यादांमध्ये कोठे पडतो, यावर चाप बदलण्याचा सगळा विचार उभा आहे.

हिसक्याचा अंदाज चापाच्या वजनावरून, म्हणजे तो सुटायला लागणाऱ्या जोरावरून येतो, पण ते वजन एकटे पाहून उपयोग नाही. ते शस्त्राच्या वजनाशी ताडून पाहावे लागते. स्पर्धेचे एअर पिस्तूल एक किलोच्या आसपास असते आणि त्याचा चाप 500 ग्रॅमला सुटतो, म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या निम्म्या जोराला. पोलिसांच्या किंवा लष्कराच्या पिस्तुलाचे वजनही साधारण तेवढेच, पण चापाला दोन ते तीन किलोंचा जोर लागतो. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे न चढवता थेट चाप ओढला, तर हा जोर पाच किलोंच्या घरात जातो. सात-आठशे ग्रॅमची वस्तू हातात स्थिर धरायची आणि त्याच हाताच्या एका बोटाने तिच्या सहापट जोर लावायचा, हे काम अवघड आहे. रिव्हॉल्व्हरने नेम लागत नाही म्हणून मालक नळीला किंवा काडतुसाला दोष देतो, तेव्हा दोष बहुधा या प्रमाणात असतो.

वजनाइतकाच चापाचा स्वभावही महत्त्वाचा. चांगला चाप पहिल्या टप्प्यात थोडा मोकळा सरकतो, मग एका जागी अडतो आणि तेथून दुसऱ्या टप्प्यात जोर वाढवत नेला की न सरकता सुटतो. अडल्यानंतरही तो किंचित किंचित सरकत राहिला, तर शॉट कधी सुटेल याचा अंदाज बोटाला येत नाही. सुटल्यावर चाप फार मागे गेला, तर मोकळे झालेले बोट आपल्याच जोराने पिस्तूल ढकलते. जुन्या किंवा स्वस्त पिस्तुलांत आणखी एक दोष आढळतो: दोन खरबरीत पृष्ठभाग घासत असल्याची जाणीव बोटाला होत राहते. ‘चाप जड आहे’ या तक्रारीमागे पुष्कळदा जडपणा नसतोच, हा खरखरीतपणा असतो, आणि त्याचा उपाय वेगळा आहे.

कारखाने चाप जड का ठेवतात, याची कारणे त्यांच्या ग्राहकांत शोधावी लागतात. ब्राउनिंग हाय-पॉवर हे पिस्तूल याचे बोलके उदाहरण आहे. त्याची आखणी सुरू करणारे जॉन ब्राउनिंग 1926 साली वारले. त्यांचे अपुरे काम बेल्जियममधील द्यूदोने सैव्ह यांनी पुरे केले आणि पिस्तूल 1935 साली बाजारात आले. मॅगझिन काढलेले असताना चाप चालता कामा नये, अशी अट फ्रेंच सैन्याने घातली होती. ती पाळण्यासाठी चापाला एक जादा भाग जोडला गेला. तो मॅगझिनच्या पुढच्या बाजूवर घासतो आणि त्यामुळे मुळात उत्तम असलेला चाप चरचरीत आणि जड होतो. फ्रान्सने हे पिस्तूल शेवटी घेतले नाही, अट मात्र पिस्तुलात कायमची राहिली. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कारखान्यातून ही पिस्तुले भारतीय सैन्याकडे आली आणि पुढे पश्चिम बंगालमधील इच्छापूरच्या रायफल कारखान्यात त्याच घडणीचे ‘पिस्तूल ऑटो 9 एमएम 1ए’ बनू लागले. भारतीय पोलीस आणि जवानांच्या कित्येक पिढ्या या चापावर शिकल्या. एका परदेशी सैन्याच्या खरेदी समितीची शंका अशी इथल्या हवालदाराच्या बोटापर्यंत पोचली.

जड चाप म्हणजे सुरक्षित पिस्तूल, हा समजही पुरता खरा नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी अपघाती गोळीबार टाळण्यासाठी आपल्या पिस्तुलांचे चाप मुद्दाम सुमारे साडेपाच किलोंचे करून घेतले होते. ऑगस्ट 2012 मध्ये एम्पायर स्टेट इमारतीबाहेर एका मारेकऱ्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा रस्त्यावरचे नऊ जण जखमी झाले आणि ते सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी. गर्दी, घाई आणि अंतर यांचा वाटा होताच, पण जड चापाने नेम बिघडतो ही चर्चा त्यानंतर जोरात झाली. म्हणून चापाचे वजन हा दोन धोक्यांमधला तोल असतो: नको तेव्हा सुटणारी गोळी आणि नको तेथे जाणारी गोळी.

हा तोल कोणत्या बाजूला झुकवायचा, हे पिस्तुलाच्या कामावरून ठरते. धाराशिवसारख्या जिल्ह्यात पिस्तूल तीन प्रकारच्या हातांत दिसते. पहिला हात पोलिसाचा. त्याचे शस्त्र सरकारी मालमत्ता असते आणि त्यात बदल करण्याचा अधिकार त्याला नसतो. तक्रार असेल तर ती शस्त्रागाराच्या आर्मररकडे न्यायची. हा प्रश्न येथेच संपतो. दुसरा हात परवानाधारकाचा: व्यापारी, कंत्राटदार, बागायतदार, पुढारी. तिसरा हात खेळाडूचा, आणि चाप बदलण्याचा विचार गंभीरपणे करण्याजोगे कारण खरे म्हणजे त्याच्याकडेच असते.

खेळाडूच्या बाबतीत पहिला शब्द नियमांचा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार 10 मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान 500 ग्रॅमचा हवा आणि 25 मीटर पिस्तुलाचा किमान 1000 ग्रॅमचा. तपासणीत पिस्तूल नळी वर करून धरतात, चापाच्या मध्याजवळ ठरलेल्या वजनाचा आकडा अडकवतात आणि वजन टेबलावरून उचलतात. तीन प्रयत्नांत चाप न सुटता वजन उचलले गेले पाहिजे. स्पर्धेआधी तपासणीत पिस्तूल अडकले तर दुरुस्त करून पुन्हा दाखवता येते, पण शेवटच्या मालिकेनंतर होणाऱ्या अचानक तपासणीत ते नापास झाले तर खेळाडू बाद होतो. त्यामुळे जाणते खेळाडू चाप नेमक्या 500 ग्रॅमवर न ठेवता दहा-वीस ग्रॅम वर ठेवतात. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या बालाघाटावरच्या गावात बसवलेला चाप पुण्याच्या वातानुकूलित रेंजवर तसाच वागेल, असे गृहीत धरू नये. वंगण घट्ट-पातळ होते आणि काही ग्रॅम इकडेतिकडे होतात.

दुसरा शब्द समायोजनाचा. स्टायर, मोरिनी, वाल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाउ अशा कंपन्यांच्या स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत कारखान्याचा चाप हाच मुळी उत्तम चाप असतो. त्याला बारीक स्क्रू असतात: पहिल्या टप्प्याचे वजन, दुसऱ्या टप्प्याचे वजन, मोकळ्या सरकण्याची लांबी, सुटल्यावर थांबण्याची जागा, चापाच्या पात्याचा कोन आणि बोटापासूनचे अंतर. 500 ग्रॅमपैकी 400 पहिल्या टप्प्यात आणि उरलेले 100 दुसऱ्यात ठेवले, तर तो चाप दोन्ही टप्प्यांत निम्मे-निम्मे ठेवलेल्या चापापेक्षा अगदी वेगळा वाटतो, एकूण वजन तेच असूनही. असे पिस्तूल हातात असताना चाप बदलण्याचा विचार म्हणजे बहुतेक वेळा माहितीपुस्तिका न वाचल्याचे लक्षण. त्यात एक पथ्य मात्र आहे. एका वेळी एकच स्क्रू, तोही पाव फेरी, आणि आधीची जागा वहीत लिहून. तीन स्क्रू एकदम फिरवले की काय सुधारले आणि काय बिघडले हे कोणालाच सांगता येत नाही.

नवशिक्याच्या हातात मात्र असे पिस्तूल नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी सुरुवात होते ती क्लबच्या सामायिक पिस्तुलावर किंवा स्प्रिंगच्या स्वस्त एअर पिस्तुलावर, ज्याचा चाप जड असतो आणि स्क्रूने फारसा बदलत नाही. 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 150 मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास येते, तेव्हा खेळाचे पिस्तूल या मर्यादेच्या पुष्कळ आत बसते. त्यामुळे पालकांना वाटते की कायद्याची अडचण नाही, तर गावातल्या कारागिराकडून चाप ‘हलका’ करून घ्यावा. हा पैसा बहुधा वाया जातो. स्वस्त पिस्तुलाचा सिअर घासून हलका केला तरी नळी, मूठ आणि दृष्टिरेषा आहे तीच राहते. आणि घासलेल्या सिअरवरचे कडक केलेले पातळ आवरण निघून गेले की आतला मऊ धातू झपाट्याने झिजतो. चार महिन्यांनी चाप पुन्हा खरखरतो, आणि कधी तरी नुसत्या धक्क्याने सुटू लागतो. तोच पैसा साठवून वापरलेले पण स्पर्धेचे पिस्तूल घेणे शहाणपणाचे. या खेळात जुन्या पिस्तुलांची खरेदी-विक्री सर्रास चालते.

चापाआधी पाहायची गोष्ट म्हणजे मूठ. मूठ हाताला मोठी असली की बोट चापावर नीट पोचत नाही. पेराऐवजी टोकाने ओढावे लागते आणि चाप सरळ मागे न येता बाजूला येतो. अशा खेळाडूला कितीही हलका चाप दिला तरी शॉट एकाच कोपऱ्यात जात राहतात. मोठ्या मुठीचे लाकूड कानशीने उतरवून घेणे किंवा लहान मूठ लाकडी भुश्श्याची लुगदी लावून भरून घेणे, हे काम स्वस्तात होते आणि गुणांवर त्याचा परिणाम चापापेक्षा जास्त दिसतो.

चाप दोषी आहे की बोट, हे ठरवण्याची पद्धत प्रत्येक रेंजवर माहीत असते, वापरली मात्र कमी जाते. रिकाम्या पिस्तुलाने पांढऱ्या कागदाकडे नेम धरायचा आणि कोरडा शॉट सोडायचा; रेंजवर याला ड्राय म्हणतात. सुटताना माशी खाचेत स्थिर राहिली तर चाप आणि बोट दोन्ही ठीक आहेत. ती दर वेळी एकाच दिशेने उडाली तर सवय चुकलेली आहे. उजव्या हाताच्या खेळाडूची माशी सहसा खाली-डावीकडे जाते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी स्थिर असे होत असेल आणि प्रशिक्षकाच्या हातातही तेच घडत असेल, तर संशयाला जागा आहे. दुसरी कसोटी अदलाबदलीची. अकादमीचे चांगले पिस्तूल काही आठवडे वापरून 60 शॉटच्या मालिकांचे गुण लिहून ठेवायचे आणि आपल्या पिस्तुलाच्या गुणांशी ताडायचे. एखाद्या दिवसाच्या फरकावर विश्वास ठेवू नये, कारण नव्या वस्तूचा उत्साह सुरुवातीला गुण वाढवतोच.

इलेक्ट्रॉनिक चाप हा या विषयातला मोठा मोह आहे. त्यात सिअरऐवजी विजेची कळ असते. बोटाने कळ दाबली की विद्युतमंडल सोलेनॉइडला चालना देते, आणि त्यामुळे चाप सुटण्याची जाणीव कित्येक वर्षे एकसारखी राहते. नियम त्याला परवानगी देतात, मात्र सगळे भाग पिस्तुलातच पक्के बसवलेले असावे लागतात. मोरिनीचे ‘सीएम 162 ईआय’ हे या जातीचे प्रसिद्ध पिस्तूल. पण बिघाड झाला तर काय, याचे उत्तर 25 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये सगळ्यांनी पाहिले. भारताची नेमबाज मनू भाकर 10 मीटर एअर पिस्तुलाची पात्रता फेरी खेळत असताना पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीसाठी तिला फायरिंग पॉइंट सोडावा लागला आणि बरीच मिनिटे गेली. 60 शॉटसाठी सव्वा तास असतो. उरलेले शॉट घाईत मारून तिचे 575 गुण झाले आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्यपदक मिळवले, म्हणजे प्रश्न कौशल्याचा नव्हता. ऑलिम्पिकमध्ये संघासोबत तंत्रज्ञ असतो, धाराशिवच्या खेळाडूसोबत नसतो. विजेवर चालणारा चाप बिघडला तर पिस्तूल पुण्याला किंवा मुंबईला पाठवावे लागते आणि सुटा भाग परदेशातून येईपर्यंत हंगाम निघून जाऊ शकतो. यांत्रिक चाप मागे पडलेला वाटेल, पण त्याला लागतो तो तेलाचा एक थेंब आणि एक पाना.

25 मीटर प्रकारात चाप बदलण्याचा विचार अधिक रास्त ठरतो. येथे .22 बोअरचे पिस्तूल असते. पहिले 30 शॉट सावकाश, पाच शॉटना पाच मिनिटे. नंतरचे 30 वेगवान, ज्यात लक्ष्य 3 सेकंदच खुले असते आणि हात 45 अंशांवरून वर आणून शॉट मारायचा असतो. त्या तीन सेकंदांत चापाचा पहिला टप्पा हात वर येतानाच ओढून होतो आणि चाप कोठे अडतो हे बोटाला आधीच माहीत असावे लागते. कोल्हापूरच्या राही सरनोबतचा खेळ या प्रकारातला. 2013 साली चांगवोनच्या विश्वचषकात तिने सुवर्ण मिळवले आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडच्या खेळाडूशी 34 वर बरोबरी झाल्यावर दुसऱ्या शूट-ऑफमध्ये सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. एका-एका शॉटवर निकाल लागणाऱ्या अशा पातळीवर चापाचा एकसारखेपणा हा चैनीचा विषय राहत नाही. साध्या .22 पिस्तुलावर शिकलेल्या खेळाडूचे गुण एका जागी अडले असतील, वेगवान फेरीत ते सावकाश फेरीपेक्षा फार खाली जात असतील आणि ड्रायमध्ये दोष बोटाचा नसल्याचे दिसत असेल, तर चापावर खर्च करण्यास हरकत नाही.

पण .22 पिस्तूल हे अग्निशस्त्र आहे आणि येथून कायदा सुरू होतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार अग्निशस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरफार करण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. याच कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. म्हणून परदेशी संकेतस्थळावरून चापाचा संच मागवणे ही साधी खरेदी नाही, शस्त्राची आयात आहे, आणि तिला कलम 10 खाली स्वतंत्र परवाना लागतो. नामांकित नेमबाजांसाठी आयातीच्या वेगळ्या तरतुदी आहेत आणि त्यांचा मार्ग राष्ट्रीय रायफल संघटनेतून जातो. याहून गंभीर धोका आतल्या एका छोट्या भागात आहे: चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटावी याची काळजी घेणारा भाग. अडाणी हाताने चाप हलका करताना तो बिघडला आणि पिस्तूल एका ओढीत एकापेक्षा जास्त गोळ्या सोडू लागले, तर ते प्रतिबंधित शस्त्रांच्या वर्गात जाते. ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव तेथे फार काळ टिकत नाही.

स्वसंरक्षणाच्या परवान्यावरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हे आणखी वेगळे प्रकरण. 9 मिलिमीटर बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाही, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयातून परवाना मिळवणाऱ्याच्या कमरेला बहुधा .32 बोअरचे सरकारी कारखान्याचे शस्त्र असते. या शस्त्रांच्या जड चापाबद्दल तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही. तरी येथे चाप हलका करण्याचे समर्थन होत नाही. असे शस्त्र वर्षातले बहुतेक दिवस कपाटात किंवा पट्ट्यात असते. ते हातात येते तेव्हा माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या हाताला बोट चापाबाहेर ठेवण्याचे भान राहत नाही. त्या क्षणी जड चाप हेच एक कुलूप उरते. घोड्याची स्प्रिंग नरम करून चाप हलका करण्याची युक्ती तर उलटीच पडते, कारण आघात हलका झाला की काडतूस फुटत नाही. ज्या दिवसासाठी शस्त्र घेतले त्याच दिवशी ते मुके राहिले, तर हलक्या चापाचा उपयोग काय? शिवाय गोळीबाराचा प्रसंग न्यायालयात गेला की शस्त्राची तपासणी होते आणि मूळ घडणीतला प्रत्येक फेरफार मालकाला समजावून सांगावा लागतो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याची हौस असलेल्यांनी शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीची नोंद घ्यावी. त्यासाठी आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, आणि हलक्या चापाचे पिस्तूल गर्दीत असणे हा त्याहून मोठा धोका आहे.

स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवणाऱ्या मालकाला फरक जाणवेल तो दुसऱ्या दोन गोष्टींनी. एक, साफसफाई. परंडा-भूमच्या बाजूची कोरडी धूळ आणि वर्षानुवर्षे साचलेले घट्ट तेल मिळून चापाच्या खोबणीत गाळ होतो. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडून किंवा कारागिराकडून तो साफ करून घेतला की ‘जड’ चापाचा बराच जडपणा जातो. दोन, परवानगीच्या रेंजवर सराव. रिव्हॉल्व्हर असेल तर चाप एका दमात, न थांबता, शेवटपर्यंत ओढण्याची सवय बोटाला लागली की पाच किलोंचा चापही तीन-चार मीटरवर पुरेसा नेम देतो, आणि स्वसंरक्षणाचे अंतर त्याहून जास्त क्वचितच असते. सराव ड्रायने करायचा असेल तर .22 चे पिस्तूल मात्र रिकामे असताना फार वेळा सोडू नये. या काडतुसाचा पेट घेणारा मसाला कडेला असतो; काडतूस नसले की पिन थेट नळीच्या कडेवर आदळते आणि खाच पाडते. त्यासाठी प्लॅस्टिकची नकली काडतुसे मिळतात.

चाप बदलायचा ठरलाच, तर काही नोंदी आधी करून ठेवणे सोयीचे. जुना चाप वजनकाट्याने मोजून त्याचा आकडा लिहावा आणि काढलेले मूळ भाग फेकू नयेत, कारण पिस्तूल विकताना घेणारा ते मागतो. काम करणाऱ्याच्या परवान्याची प्रत आणि पावती शस्त्राच्या कागदांसोबत ठेवावी. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करताना किंवा परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रश्न निघाला तर ती उपयोगी पडते. काम झाल्यावर पहिली चाचणी रिकाम्या पिस्तुलावर, घोडा चढवून आणि शस्त्राला वरून-बाजूने धक्के देऊन करतात. घोडा जागचा हलता कामा नये. मग रेंजवर एका वेळी एकच काडतूस भरून, नंतर दोन, आणि सगळे सुरळीत असेल तरच पूर्ण मॅगझिन. खेळाडूने त्यानंतर निदान एक सबंध मालिका मारून चाप पुन्हा मोजावा, कारण नवे पृष्ठभाग एकमेकांत बसताना वजन थोडे उतरते आणि 1010 ग्रॅमवर लावलेला चाप स्पर्धेच्या टेबलावर 990 दाखवू शकतो.